सुई लावल्यानंतर : प्रस्तावना

रुग्णालयात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उपकरण बोटाएवढंही लांब नसतं. हाताच्या शिरेत सरकवायची ती मऊ प्लॅस्टिकची नळी. पुस्तकांत तिला पेरिफेरल आयव्ही कॅथेटर म्हणतात, वॉर्डात इंट्राकॅथ, आणि रुग्ण व नातेवाईक नुसतं ‘सुई’. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भरती झालेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना मुक्कामात कधी ना कधी रक्तवाहिनीत अशी नळी बसवावी लागते. हिरवी १८ नंबरची, गुलाबी २० ची, निळी २२ ची, लहान मुलांसाठी पिवळी २४ ची. बीडच्या जिल्हा रुग्णालयापासून दहा खाटांच्या खासगी दवाखान्यापर्यंत प्रत्येक सिस्टरला हे रंग पाठ असतात. सलाईन, प्रतिजैविकं, रक्त, भूल, सापाच्या विषावरचा उतारा, सगळं याच वाटेने जातं. तिच्याशिवाय आजचा कुठलाही वॉर्ड एक दिवससुद्धा चालणार नाही.

त्याच वाटेने जंतूही जातात, आणि हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे. सुई लावण्याच्या हाताचं आपल्याकडे मोठं कौतुक आहे. ज्या सिस्टरला वाळलेल्या म्हातारीची किंवा तीन दिवसांच्या बाळाची शीर पहिल्या खेपेला सापडते, तिचं नाव अख्ख्या रुग्णालयात असतं, आणि असायलाच हवं. पण लावलेली सुई पुढचे तीन-चार दिवस राखायची कोणी, ती रोज बघायची कोणी, आणि गरज संपली त्या क्षणी काढायची कोणी, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसतं. माझ्या मते हा सगळा विषय या एका उणिवेभोवती फिरतो.

कातडी शाबूत असते तोवर तिच्यावर राहणारे जंतू आपल्याला फारसं काही करत नाहीत. नळी बसली की बाहेरच्या जगातून थेट रक्तात जाणारी वाट उघडते, आणि नळी निघेपर्यंत ती उघडीच राहते. टोचल्याच्या जागेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने, कातडीवरचे स्टॅफिलोकोकससारखे जंतू हळूहळू आत सरकतात. दुसरे नळीच्या तोंडातून जातात: इंजेक्शन देताना आपण जे टोक उघडतो, जे झाकण क्षणभर गादीवर ठेवतो आणि परत लावतो, तिथून. सलाईनची बाटली, सेट किंवा त्यात मिसळलेलं औषधच दूषित असेल तर जंतू थेट प्रवाहाबरोबर येतात. क्वचित शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग रक्तातून येऊन नळीवर ठाण मांडतो. प्लॅस्टिकवर एकदा बसले की हे जंतू स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून संसर्ग झालेली नळी तशीच ठेवून कितीही भारी अँटिबायोटिक दिलं तरी ताप उलटून येतो. नळी काढावीच लागते.

रुग्णाला आधी दिसतो तो शिरेचा दाह. हात लाल होतो, ठणकतो, शीर दोरीसारखी कडक लागते. त्यातला बराचसा दाह जंतूंचा नसतो. जळजळ करणारी औषधं, शिरेच्या मानाने जाड नळी, सांध्यावर बसवल्यामुळे सतत हलणारं टोक, ही त्याची नेहमीची कारणं. पण बाहेरून बघून ‘हा जंतूंचा नाही’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. याच्या उलटही होतं. हातावर काही दिसत नाही आणि रुग्णाला अचानक हुडहुडी भरून ताप येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात शिरला तर तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात किंवा सांध्यात जाऊन बसू शकतो आणि कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनी डोकं वर काढतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि हाताची सूज उतरलेली असते. नव्या कंबरदुखीचा धागा त्या जुन्या सुईशी कोणी जोडत नाही. या संसर्गाची मोजणी सगळीकडेच कमी होते, त्याचं हे एक मोठं कारण.

मोजणी झाली तिथले आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. अमेरिकेतले डॉ. डेनिस माकी हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी सहकाऱ्यांसह २०० अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये मांडणी केली, तेव्हा हातातल्या साध्या नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे सुमारे ०.५ निघाला. एका रुग्णाच्या हातात एक नळी एक दिवस राहिली की एक कॅथेटर-दिवस. मानेच्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीच्या मानाने हा धोका पुष्कळ कमी आहे, आणि म्हणूनच अनेक वर्षं त्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. भारतातल्या ५७ रुग्णालयांच्या २०४ अतिदक्षता विभागांतला अभ्यास २०२० मध्ये आला. तिथे साध्या नळीचा दर हजारामागे तीनच्या आसपास होता.

शंभर खाटांचं एक रुग्णालय डोळ्यासमोर आणू. रोज निम्म्या रुग्णांच्या हातात नळी आहे असं धरलं तर वर्षाचे सव्वाअठरा हजार कॅथेटर-दिवस होतात. माकींचा कमी दर लावला तरी वर्षाला नऊ माणसांच्या रक्तात या नळीतून जंतू जातात. भारतीय अतिदक्षता विभागांचा दर साध्या वॉर्डाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण लावलाच तर आकडा पन्नाशी ओलांडतो. एका सुईमागचा धोका बारीक आहे. सुयांची संख्या मात्र अफाट आहे, आणि हा विषय समजायला हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवावं लागतं.

शिरेत औषध सोडण्याचा इतिहास जुना आहे. १८३२ च्या कॉलऱ्यात स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटा या डॉक्टरने शेवटच्या घटका मोजणाऱ्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. काही वाचले, पण पद्धत पुढे कित्येक दशकं बाजूला पडली. जंतूंमुळे रोग होतात हेच तेव्हा माहीत नव्हतं, तर पाणी निर्जंतुक करणार कोण?

आपली मुंबई या बाबतीतला एक धडा फार महागात शिकली. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस परळच्या प्रयोगशाळेत तयार होत होती. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी तिच्या एकाच बाटलीतून टोचून घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पुढे तपासात दिसलं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो बुचाला लावला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. ही गोष्ट लसीची असली तरी सलाईनच्या प्रत्येक बाटलीला लागू आहे. कारखान्यातून शुद्ध निघालेली वस्तू शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर बिघडू शकते.

बिघाड कारखान्यातही होतो. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांत नवं अस्तर आलं आणि त्यात जंतू वाढले. २५ रुग्णालयांतल्या ३७८ रुग्णांना संसर्ग झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या रुग्णालयात डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांमुळे रुग्ण दगावले, कारण निर्जंतुक करायच्या यंत्रात तळच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता पोचलीच नव्हती. साखरेच्या पाण्यात एंटरोबॅक्टर आणि क्लेबसिएलासारखे जंतू साध्या खोलीच्या तापमानालाही झपाट्याने वाढतात, आणि बाटली डोळ्यांना स्वच्छच दिसते.

पण आजच्या प्रश्नाची खरी सुरुवात १९५० मध्ये झाली. त्याआधी शिरेत पोलादी सुई असायची. ती टोचायची, हात फळीला बांधून ठेवायला लागायचा, आणि काम झालं की काढली जायची. त्या वर्षी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या तरुण भूलतज्ज्ञाने सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली. सुई बाहेर घ्यायची, नळी आत ठेवायची. रुग्णाचा हात मोकळा झाला आणि पुन्हा पुन्हा टोचणं वाचलं. वैद्यकाला झालेला हा फायदा मोजता येणार नाही इतका मोठा आहे. मात्र त्याच दिवसापासून ‘नळी किती दिवस ठेवायची’ हा प्रश्न जन्माला आला आणि तो आजही वादाचा आहे.

त्या वादात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, घड्याळ लावा: बहात्तर ते शहाण्णव तास झाले की नळी काढा, गरज असेल तर दुसऱ्या जागी नवी बसवा. दुसरा म्हणतो, चांगली चाललेली नळी काढून रुग्णाला उगाच टोचू नका. दुखलं, सुजलं, बंद पडलं किंवा ताप आला तरच बदला. क्लेअर रिकार्ड यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ३,२८३ रुग्णांवर ही तुलना केली आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिले. दोन्ही गटांत शिरेचा दाह सारखाच, ७ टक्के. दुसरा पक्ष जिंकल्यासारखा वाटला आणि अनेक रुग्णालयांनी घड्याळ सोडलं. मग जिनिव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांतून २०२१ मध्ये वेगळी बातमी आली. तिथे ठरावीक वेळेला बदलण्याचा नियम काढल्यावर नळीचे रक्तसंसर्ग वाढले, आणि नियम परत आणल्यावर खाली आले. तो अभ्यास चार लाखांहून जास्त नळ्यांचा होता.

हे दोन निकाल एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. क्वीन्सलंडच्या चाचणीत संशोधक रोज जाऊन हात बघत होते. जिथे रोज कोणीतरी बघतं तिथे घड्याळाची गरज नसते. जिथे बघणारं कोणी नाही तिथे घड्याळ हीच शेवटची राखण असते. बीडसारख्या जिल्ह्यात, रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना, आपण कोणत्या बाजूला आहोत हे प्रत्येक रुग्णालयाने प्रामाणिकपणे ठरवावं. परदेशातला नियम उचलताना त्यामागचे हात किती होते हेही बघायला हवं.

इतर वाद लवकर सांगता येतील. कातडी कशाने पुसायची, यावर फ्रान्समधल्या पॉइटिए इथली चाचणी अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या दोन टक्के क्लोरहेक्सिडिनच्या बाजूने गेली. ते नसेल तर पोव्हिडोन-आयोडिन असतं, आणि कोणतंही वापरलं तरी ते वाळू द्यायचं असतं. काही जण सगळा भर उपकरणांवर देतात: बंद पद्धतीच्या पिशव्या, सुई न टोचता इंजेक्शन देता येणारे जोड. काही जण शिरेच्या कामासाठी वेगळं पथक नेमावं म्हणतात. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींची यादी रोज तपासून घेतली आणि मोठ्या नळीचे संसर्ग जवळपास नाहीसे केले. २००६ मधला तो निकाल या क्षेत्रातला सगळ्यात आशादायक मानतात. हातातली लहान नळी मात्र मागेच राहिली. फक्त तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं यायला २०२४ चा मे महिना उजाडला.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे येतो, कारण हे पुस्तक इथल्या खाटांशेजारी लिहिलं गेलं आहे. अकरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार माणसं. बीडला जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात निघालेलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, मध्ये प्राथमिक केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालयं. आष्टी-पाटोद्याची माणसं बीडपेक्षा अहिल्यानगरकडे धावतात, परळी-केजची अंबाजोगाईला, तिथून जमलं नाही तर लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर. एक रुग्ण दोन-तीन दारं ओलांडून शेवटच्या खाटेवर येतो तेव्हा पहिल्या दारात घाईने लावलेली सुई त्याच्या हातात तशीच असते. ती कोणी लावली, किती वाजता, कातडी पुसली होती की नाही, हे कागदावर नसतं. जागतिक शिफारस सांगते की घाईत, पुरेशी स्वच्छता न पाळता लावलेली नळी लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी. पण चिकटपट्टीवर तारीख-वेळच नसेल तर ४८ तास मोजायचे कुठून? बॉलपेनने दोन आकडे लिहायला पैसे लागत नाहीत, आणि मला विचाराल तर या जिल्ह्यात करता येण्यासारखी सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आहे.

रुग्णही इथले आहेत. ऊस तोडणारा, कोयत्याने हाताला घट्टे पडलेला, उन्हात दिवसभर पाणी कमी प्यालेला माणूस. त्याची कातडी जाड, शिरा आत गेलेल्या, हातावर पाचटाच्या पात्यांचे बारीक चिरे. सुईला जागा शोधायलाच दोन-तीन टोचे लागतात आणि प्रत्येक टोचा हे एक नवं दार असतं. विषारी औषध प्यायलेला शेतकरी येतो तेव्हा अॅट्रोपिन दिवसेंदिवस चालू राहतं. त्या औषधाने माणूस भ्रमात जातो, हात झटकतो, नळी ओढून काढतो, आणि त्याला आवरता आवरता नवी नळी बसवताना हात धुवायला सवड राहत नाही. घोणस चावलेल्याचं रक्त गोठत नाही. सुई टोचली तिथून ते झिरपत राहतं, पट्टी ओली होते आणि ओली पट्टी जंतूंना हवीच असते. हे तीन रुग्ण परदेशी पुस्तकांत क्वचित भेटतात. आपल्या वॉर्डात ते रोजचे आहेत.

ऊसतोडीच्या बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागची कारणं, नाइलाज आणि नफा यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते अजून पुरेसं झालेलं नाही. मी इथे एवढंच जोडतो की यांतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेला शिरेतली नळी लागली असणार. ज्या शस्त्रक्रियेची गरजच नव्हती तिच्याबरोबर आलेला संसर्गाचा धोकाही फुकाचा होता. पुढे मुकादमाची उचल फेडायची असते आणि खाडा परवडत नाही, म्हणून माणसं हातात नळी ठेवूनच कोपीवर परततात आणि इंजेक्शनापुरती दवाखान्यात येतात. मधल्या वेळात तो हात चुलीजवळ, गुरांत, पाण्यात असतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना सोडताना नळी काढून गोळ्या देता येतील का, हा प्रश्न लिहून देणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे.

पुष्कळदा गोळ्या चालतात. आपल्या वॉर्डातल्या कागदांवर सेफ्ट्रायाक्झोन आणि पॅन्टोप्राझोल सकाळ-संध्याकाळ शिरेतून चालू असतं, आणि शेजारीच रुग्ण भाकरी खात बसलेला असतो. जो खाऊ शकतो तो बहुतेक वेळा गोळीही गिळू शकतो. ‘राहू द्या, लागली तर’ म्हणून ठेवलेली रिकामी नळी ही सगळ्यात टाळता येण्यासारखी नळी आहे. तिच्यातून रुग्णाला काहीच मिळत नाही, जंतूंना मात्र वाट मिळते.

आणि सलाईनची ओढ. ‘अंगात त्राण नाही, एक बाटली लावा’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात दिवसातून कैक वेळा ऐकू येतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, पाचेक चहाचे चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. व्हिटॅमिन घातलेली पिवळी बाटली दिसायला भरदार, पण ज्वारीच्या एका भाकरीइतकी ताकद तिच्यात नाही. लोक अडाणी आहेत म्हणून मागतात असं मी मानत नाही. मजुरी बुडवून, भाडं खर्चून आलेल्या माणसाला आपल्यासाठी काहीतरी केलं गेलं हे दिसायला हवं असतं, आणि खिळ्याला टांगलेली बाटली ते दाखवते. त्या गरजेला उत्तर देणारं बोलणं, हात लावून तपासणं, समजावणं यांना वेळ लागतो. बाटलीला लागत नाही.

सुईशिवाय काय साधतं याचे दोन दाखले आपल्याच देशातले आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. एरवी तीस टक्क्यांवर असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. दुसरा महाराष्ट्रातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि स्नायूत इंजेक्शन व तोंडाने औषध द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या झोपड्यांत बाळांच्या शिरेत एकही नळी नव्हती. अत्यवस्थ रुग्णाला शीर लागतेच, त्यात वाद नाही. पण प्रत्येक तापाला, प्रत्येक जुलाबाला लागत नाही.

आजच हे पुस्तक का, असं कोणी विचारील. पूर्वी नळीतून गेलेला जंतू साध्या औषधाला दबायचा. आज रुग्णालयातला क्लेबसिएला अनेकदा कार्बापेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या औषधालाही दाद देत नाही, आणि मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. औषधं हरत चालली असताना संसर्ग होऊ न देणं हाच भरवशाचा मार्ग राहतो. दुसरं कारण कोविडचं. लोखंडी सावरगावसह जिल्हाभर खाटा उघडल्या गेल्या, नवखे हात कामाला लागले आणि दुहेरी हातमोजे घालून दिवस काढले गेले. हातमोजा घातला की हात स्वच्छ, हा समज तेव्हा घट्ट झाला. एकाच मोज्याने दहा रुग्णांना शिवलं तर मोजा फक्त घालणाऱ्याला वाचवतो. तिसरं, या संसर्गाची नोंदच होत नाही. ताप आल्यावर अँटिबायोटिक बदलण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवण्याची सवय तालुक्याच्या पातळीवर फारशी नाही. कल्चर नाही म्हणून जंतूचं नाव नाही, नाव नाही म्हणून संसर्ग नाही, आणि अहवालात शून्य येतं. अशा शून्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हे पुस्तक जिल्ह्यात काम केलेल्या परिचारिका आणि डॉक्टरांनी मिळून लिहिलं आहे, आणि त्यात परिचारिकांचा हात मोठा आहे. त्यामुळे वाचताना काही ठिकाणी चटका बसेल. प्लॅस्टिकच्या बाटलीतून सलाईन भरभर यावं म्हणून वर टोचलेली हवेची सुई. फ्लशसाठी उघडलेली शंभर मिलिलिटरची बाटली आणि पाळीभर तिच्यात तशीच खोचून ठेवलेली सुई. सकाळीच स्पिरिटमध्ये भिजवून डब्यात ठेवलेले कापसाचे बोळे. शीर पुन्हा चाचपायला पुसलेल्या जागेवरच टेकवलेलं बोट. सोयीसाठी आधीच फाडून खाटेच्या दांडीवर चिकटवलेल्या मायक्रोपोरच्या पट्ट्या, ज्या नंतर थेट जखमेवर बसतात. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. एका सिस्टरकडे चाळीस रुग्ण, सिंकला पाणी नाही, हँडरबची बाटली कपाटात कुलूपबंद, अशा जागी माणूस जमेल तसं काम उरकतो. लेखकांनी प्रत्येक सवयीमागची अडचण आधी मांडली आहे आणि मगच पर्याय दिला आहे. म्हणून हे पुस्तक वरून आलेल्या परिपत्रकासारखं वाटत नाही. हँडरब कुलपातून काढून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ठेवायचा असेल तर ते सिस्टरच्या हातात नसतं. त्यामुळे अधीक्षक आणि खासगी रुग्णालयांचे मालक यांनीही हे वाचावं असा माझा आग्रह आहे.

मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या नळ्या आणि डायलिसिसच्या नळ्या जाणीवपूर्वक बाहेर ठेवल्या आहेत; त्यांचं शास्त्र वेगळं आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. नवजात बाळांवर मात्र सविस्तर मजकूर आहे, कारण त्यांच्या कातडीला प्रौढांचे नियम लागू होत नाहीत. नातेवाइकांसाठीही वेगळा भाग आहे. रात्री तीनला बाटली संपून रक्त वर चढलेलं पहिल्यांदा दिसतं ते उशाशी बसलेल्या आईला किंवा मुलाला. सुईची जागा लाल, गरम किंवा ओली दिसली तर कोणाला उठवायचं, नळी स्वतः का हलवायची नाही, आणि ‘सिस्टर, ही सुई अजून लागणार आहे का?’ हे न घाबरता कसं विचारायचं, एवढं त्यात आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकावर डाफरायचं नाही, हे परिचारिकांच्या भागात तितक्याच ठळकपणे लिहिलं आहे.

शेवटी प्रत्येक पाळीला भरायचा एक पानी तक्ता जोडला आहे: खाट क्रमांक, कोणत्या हातात, कधी लावली, जागा कशी दिसते, आज गरज आहे का. त्यावर कोणाचाही हक्क राखलेला नाही. तो फोटोकॉपी करून वापरावा, आपल्या वॉर्डाला जमेल तसा बदलावा, आणि बदललेला तक्ता लेखकांकडे पाठवावा. पुढच्या आवृत्तीत त्यांना तो छापायचा आहे.